विश्लेषण : ‘पुण्याला’ जाणे आणि ‘पाण्याला’ जाणे... इंग्रजीत हेतू सांगताना मराठी विद्यार्थी का अडखळतो?

‘कुठे’ आणि ‘कशासाठी’ ही दोन्ही कामे मराठीत बहुधा एकच प्रत्यय करतो. इंग्रजीत त्यासाठी तीन-चार वेगवेगळ्या वाटा आहेत. त्या वाटा मराठीच्या आधाराने दाखवल्या, तर वर्षानुवर्षे गिरवली जाणारी एक चूक सहज सुटू शकते.

बहिणीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा हवी, असा इंग्रजी अर्ज महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत अनेक पिढ्यांनी लिहिला आहे. त्यातले एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते : ‘आय ॲम गोइंग टू माय नेटिव्ह प्लेस फॉर अटेंड माय सिस्टर्स मॅरेज’. तपासणारा ‘फॉर अटेंड’भोवती लाल वर्तुळ काढतो आणि वर ‘टू अटेंड’ लिहितो. असे का, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही. मग पुढच्या अर्जात ‘फॉर अटेंडिंग’ येते. त्याच्याभोवतीही वर्तुळ पडते. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सुरक्षित मार्ग शोधतो आणि नमुन्याचा अर्ज पाठ करतो. अर्ज पाठ होतो, पण वाक्य येत नाही ते नाहीच.

ही चूक अभ्यास न करण्यातून होत नाही. उलट, मराठी नीट जाणणारा विद्यार्थी तिचा तर्क इंग्रजीला लावतो, तेव्हा ती होते. म्हणून ती समजून घेण्याची सुरुवातही मराठीपासूनच करायला हवी.

मराठीत जाण्याचा हेतू कसा सांगितला जातो?

‘ती पुण्याला गेली’ आणि ‘ती पाण्याला गेली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की मराठीचे वैशिष्ट्य दिसते. पहिल्या वाक्यातला ‘ला’ ठिकाण सांगतो, दुसऱ्यातला काम सांगतो. पाणी हे कोणाचे गाव नव्हे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे गोंधळ होत नाही. माणसे कामाला जातात, लग्नाला जातात, वारीला जातात, सहलीला जातात, देवाला जातात. सगळीकडे एकच ‘ला’.

क्रियापद आले तरी हाच प्रत्यय मदतीला येतो. ‘आणायला’, ‘भेटायला’, ‘बघायला’ ही रूपे ‘आणावयास’, ‘भेटावयास’, ‘बघावयास’ अशा जुन्या रूपांतून आली आहेत. बोली बदलली की त्यांचा चेहरा बदलतो. कोल्हापूरकडे ‘बघाय’, वऱ्हाडात ‘पाहाले’, मालवणीत ‘बघूक’, गोव्याच्या कोंकणीत ‘पळोवंक’. रूप कोणतेही असो, हेतू क्रियापदाच्या शेपटीला जोडायचा ही पद्धत सगळीकडे सारखी आहे. शिवाय लेखी मराठीत ‘आणण्यासाठी’, ‘भेटण्यासाठी’ हा दुसरा, थोडा औपचारिक पर्यायही आहे.

एवढेच काय, हेतू विचारणाऱ्या ‘कशाला’ या शब्दातही ‘ला’च बसला आहे. ‘कशाला आलास?’ हे मित्राला चालते, पाहुण्याला नाही. त्याला ‘काय काम काढलंत?’ असे विचारावे लागते. इंग्रजीतही दारात आलेल्या माणसाला थेट ‘व्हाय हॅव यू कम?’ म्हटले तर ते टोचते. तिथे ‘व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?’ असे म्हणतात.

इंग्रजीतला ‘टू’ या ‘ला’पेक्षा किती वेगळा?

सुरुवातीला अजिबात वेगळा नाही, आणि शिकवताना नेमके हेच सांगायचे राहून जाते. ‘आय वेंट टू पुणे टू मीट माय आत्या’ या वाक्यात ‘टू’ दोनदा आला आहे. पहिला ‘पुण्याला’मधला ‘ला’, दुसरा ‘भेटायला’मधला ‘ला’. इंग्रजीतही दिशा दाखवणारा शब्दच पुढे हेतू दाखवू लागला. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या एका खास रूपाआधी ‘टू’ लावून हेतू सांगत असत. म्हणजे अमुक ठिकाणाकडे जावे, तसे अमुक कृतीकडे जायचे. मराठी आणि इंग्रजी या बाबतीत एकाच रस्त्याने चालल्या आहेत.

तेव्हा पहिला नियम सोपा आहे. हेतू क्रियापदात असेल, म्हणजे मराठीत ‘-आयला’ म्हणता येत असेल, तर इंग्रजीत ‘टू’ आणि त्यानंतर क्रियापदाचे मूळ रूप. भेटायला म्हणजे ‘टू मीट’, बघायला म्हणजे ‘टू सी’, हजर राहायला म्हणजे ‘टू अटेंड’. जाणे भूतकाळात असले तरी हेतू बदलत नाही. ‘आय वेंट टू मेट’ होत नाही, ‘आय वेंट टू मीट’च. कारण मराठीतही ‘भेटायला गेलो’ असेच म्हणतात. काळ ‘गेलो’मध्ये येतो, ‘भेटायला’ आहे तसेच राहते.

फरक आहे तो क्रमाचा. मराठीत हेतू बहुधा क्रियापदाच्या आधी येतो : ‘मी दूध आणायला दुकानात चाललोय’. इंग्रजीत आधी जाणे, मग ठिकाण, मग हेतू : ‘आय ॲम गोइंग टू द शॉप टू गेट सम मिल्क’. इथे ‘आणायला’साठी ‘ब्रिंग’ न वापरता ‘गेट’ वापरले आहे, हेही लक्षात घ्यावे. ‘ब्रिंग’ म्हणजे बोलणारा किंवा ऐकणारा जिथे आहे तिथे घेऊन येणे. जाऊन, मिळवून, परत घेऊन येणे हा सगळा फेरा ‘गेट’ किंवा ‘फेच’ या शब्दांत येतो.

मग ‘फॉर’ची चूक येते कुठून?

ती येते ‘साठी’मधून. शब्दार्थांच्या यादीत ‘फॉर म्हणजे साठी’ असे एकदा पाठ झाले, की ‘आणण्यासाठी’चे ‘फॉर ब्रिंग’ किंवा ‘फॉर ब्रिंगिंग’ होणे अटळ असते. मराठीत ‘आणायला’ आणि ‘आणण्यासाठी’ यांत अर्थाचा फारसा फरक नाही. त्यामुळे इंग्रजीत एक चालते आणि दुसरे चालत नाही, हे विद्यार्थ्याला आपोआप कळणार नाही.

त्यात इंग्रजी स्वतःच फसवते. ‘ही वेंट फॉर ट्रेनिंग’ बरोबर आहे, ‘शी वेंट फॉर अ मीटिंग’ही बरोबर आहे. मग ‘ही वेंट फॉर बाइंग मिल्क’ का नाही? कारण ‘ट्रेनिंग’ आणि ‘मीटिंग’ ही इथे नामे आहेत, मराठीतल्या ‘प्रशिक्षण’ आणि ‘बैठक’सारखी. ‘बाइंग मिल्क’मध्ये मात्र क्रियापद अजून जिवंत आहे. त्याला दूध हे कर्म आहे. शेवटी ‘इंग’ दिसला म्हणून दोन्ही एकाच जातीचे ठरत नाहीत.

क्रियापदाच्या ‘इंग’ रूपाआधी ‘फॉर’ येतोच, पण तिथे तो बहुधा दुसरी कामे करतो. एक, वस्तूचा उपयोग सांगणे. ‘अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड’ म्हणजे पाव कापायची सुरी. दोन, घडून गेलेल्या गोष्टीचे कारण सांगणे. इथे अर्थ कसा उलटतो ते पाहण्यासारखे आहे. ‘ही वेंट टू जेल फॉर स्टीलिंग’ म्हणजे चोरी केली म्हणून तो तुरुंगात गेला. ‘ही वेंट टू जेल टू स्टील’ म्हणजे तो चोरी करायला तुरुंगात गेला! पहिल्या वाक्यात चोरी आधी झाली आहे, दुसऱ्यात व्हायची आहे. ‘फॉर’ मागे पाहतो, ‘टू’ पुढे पाहतो. एवढे एक उदाहरण वर्गात हसत-हसत सांगितले, तरी ते दहा लाल वर्तुळांपेक्षा जास्त काळ लक्षात राहील.

गंमत म्हणजे, ‘फॉर’ आणि ‘टू’ एकत्र वापरून हेतू सांगणे एके काळी इंग्रजीत शिष्टसंमत होते. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात ‘फॉर टू’ जागोजाग आढळतो. उत्तर आयर्लंडसारख्या भागांतल्या बोलींत तो अजूनही ऐकू येतो. प्रमाण इंग्रजीने तो पुढे सोडून दिला. म्हणजे जे आज ‘अडाणी इंग्रजी’ म्हणून हसण्यावारी नेले जाते, ते इंग्रजांच्याच घरात नांदून गेले आहे. याचा अर्थ अर्जात तसे लिहावे असा नाही. पण ज्याच्याकडून ते लिहिले गेले त्याला हसण्याचे कारण नाही, एवढे नक्की.

नाम आले तर ‘टू’, ‘फॉर’ की ‘ऑन’?

खरी कसोटी इथे आहे. कारण मराठीत सगळीकडे ‘ला’ चालतो आणि इंग्रजीत त्याचे तीन तुकडे होतात.

जिथे माणूस हजर राहायला जातो, तो प्रसंग इंग्रजी भाषा ठिकाणासारखा मानते. लग्नाला, बारशाला, सभेला, अंत्यविधीला जाणे असेल तर ‘टू’ : ‘गो टू अ वेडिंग’, ‘गो टू अ फ्यूनरल’. कामाला जाणेही याच रांगेत येते : ‘गो टू वर्क’.

जी वस्तू आणायची आहे किंवा जी गोष्ट करून-घेऊन परत यायचे आहे, तिच्यासाठी ‘फॉर’. पाण्याला जाणे म्हणजे ‘गो फॉर वॉटर’. जेवायला जाणे ‘गो फॉर लंच’, फेरफटक्याला ‘गो फॉर अ वॉक’, मुलाखतीला ‘गो फॉर ॲन इंटरव्ह्यू’, तपासणीला ‘गो फॉर अ चेकअप’.

आणि ज्यात माणूस काही काळ गुंतलेला राहतो, वाटेवर असतो, त्यासाठी ‘ऑन’. सहलीला जाणे ‘गो ऑन अ ट्रिप’. पंढरीच्या वारीला जाणे परदेशी पाहुण्याला सांगायचे, तर ‘गो ऑन अ पिल्ग्रिमेज’. इथे मराठी पुन्हा मदतीला येते. माणूस रजेवर जातो, संपावर जातो, दौऱ्यावर जातो. इंग्रजीतही ‘ऑन लीव्ह’, ‘ऑन स्ट्राइक’, ‘ऑन टूर’. तोच ‘वर’, तोच ‘ऑन’.

हे तीन कप्पे अगदी बंदिस्त आहेत असे नाही. बैठकीला ‘टू’ही लागतो आणि ‘फॉर’ही. पण हजर राहायचे आहे, घेऊन यायचे आहे की वाटेवर राहायचे आहे, असे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, की नेहमीच्या वापरातली बरीच वाक्ये जागेवर बसतात.

पोहायला नदीवर गेले, तर इंग्रजीत ‘नदीत’ का?

हेतू सांगण्याची आणखी एक वाट म्हणजे ‘गो’नंतर थेट ‘इंग’ : ‘गो स्विमिंग’, ‘गो फिशिंग’, ‘गो शॉपिंग’, ‘गो कॅम्पिंग’. हा प्रकार सरसकट वापरता येत नाही. मौज, खेळ, भटकंती किंवा बाहेर जाऊन करायचा एखादा ओळखीचा उद्योग असेल तरच तो शोभतो. ‘गो ईटिंग’ किंवा ‘गो स्टडिंग’ असे म्हणत नाहीत. आणि अशा क्रियापदाला कर्मही जोडत नाहीत. ‘गो शॉपिंग’ चालते, ‘गो बाइंग मिल्क’ चालत नाही. मराठीत ‘खरेदीला गेलो’ आणि ‘दूध विकत घ्यायला गेलो’ यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

या रूपाची मुळे जुनी आहेत. पूर्वी ‘ऑन हंटिंग’ अशी रचना होती. ती झिजून ‘अ-हंटिंग’ झाली आणि शेवटी तो ‘अ’ही गळाला. जुन्या इंग्रजी बालगीतांत आणि लोकगीतांत असा ‘अ’ अजून भेटतो. अर्थ असा, की माणूस शिकारीवर गेला.

मराठी विद्यार्थ्याची पंचाईत होते ती ठिकाण सांगताना. ‘नदीवर पोहायला गेलो’चे तो ‘वी वेंट स्विमिंग टू द रिव्हर’ करतो. इंग्रजीत मात्र ‘इन द रिव्हर’ म्हणावे लागते, कारण ठिकाण जाण्याला चिकटत नाही, पोहण्याला चिकटते. पोहणे नदीत होते, म्हणून ‘इन’. खरेदी बाजारात होते, म्हणून ‘शॉपिंग ॲट द मार्केट’. जाण्याचे ठिकाणच सांगायचे असेल तर पहिल्या वाटेवर परतावे : ‘वी वेंट टू द रिव्हर टू स्विम’.

आणायला गेला, की जाऊन आणले?

इथपर्यंतच्या चुकांमुळे बहुतेक वेळा अर्थ बिघडत नाही, फक्त कानाला खटकते. पुढच्या दोन ठिकाणी मात्र अर्थच बदलतो.

‘आय वेंट टू बाय मेडिसिन’ म्हणजे औषध आणायला गेलो. मिळाले की नाही, हे वाक्य सांगत नाही. त्याला ‘बट द शॉप वॉज क्लोज्ड’ असे जोडता येते. ‘आय वेंट अँड बॉट मेडिसिन’ म्हणजे जाऊन औषध आणले. काम झाले. मराठीत हा फरक लख्ख आहे : ‘आणायला गेलो’ आणि ‘जाऊन आणले’. एकात ‘-आयला’, दुसऱ्यात ‘-ऊन’. ‘-आयला’ दिसला तर ‘टू’, ‘जाऊन’ दिसले तर ‘अँड’, इतके हे सरळ भाषांतर आहे.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. पोलिसांकडे दिलेला जबाब, विम्याचा दावा, न्यायालयासाठी केलेले भाषांतर यांत तो मोलाचा ठरू शकतो. ‘तो पैसे मागायला गेला’ आणि ‘त्याने जाऊन पैसे मागितले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात इरादा आहे, दुसऱ्यात कृती. इंग्रजी करताना ‘टू’च्या जागी ‘अँड’ आला, तर जे घडलेच नाही ते कागदावर घडून जाते.

अमेरिकी बोलण्यात यातला ‘अँड’ही गळतो : ‘गो सी अ डॉक्टर’, ‘गो गेट सम रेस्ट’. चित्रपट आणि वेब मालिका पाहणाऱ्या मुलांच्या तोंडी हे सहज बसते. पण त्याला एक अट आहे. दोन्ही क्रियापदे साध्या, मूळ रूपात असतील तरच ही रचना जमते. ‘आय विल गो सी हिम’ बरोबर, पण ‘ही गोज सी’ किंवा ‘ही वेंट सॉ’ नाही. तिथे ‘टू’ किंवा ‘अँड’ परत आणावा लागतो.

‘गोइंग टू’ म्हणजे निघाला, की नुसते ठरवले?

‘द डॉक्टर इज गोइंग टू सी द पेशंट’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. डॉक्टर रुग्णाला बघायला निघाले आहेत, किंवा डॉक्टर रुग्णाला बघणार आहेत, कदाचित जागचे न हलताही. रुग्णाच्या नातेवाइकाला या दोहोंतला फरक महत्त्वाचा वाटणारच.

ही दुहेरी वाट इतिहासातून आली. जो काही करायला निघाला आहे, तो ते थोड्याच वेळात करणार, असा अंदाज ऐकणारा बांधतो. हा अंदाज इतक्या वेळा बांधला गेला, की जाणे मागे पडले आणि ‘गोइंग टू’ हे भविष्यकाळाचेच चिन्ह होऊन बसले. सतराव्या शतकापर्यंत हा वापर रुळू लागला होता. आता तर ‘इट इज गोइंग टू रेन’ असे म्हणतात. पाऊस कुठे निघालेला नसतो. बोलताना होणारा ‘गोना’ हा संक्षेपही फक्त या दुसऱ्या अर्थालाच लागतो. ‘आय ॲम गोना मुंबई’ असे कोणी म्हणत नाही.

मराठीने हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत. ‘भेटायला चाललोय’ आणि ‘भेटणार आहे’. त्यामुळे मराठी मनात आधी स्पष्ट ठरवावे आणि मग इंग्रजी वाक्य निवडावे. खरोखर निघालो असू, तर ठिकाण घालावे : ‘आय ॲम गोइंग टू द क्लिनिक टू सी द डॉक्टर’. ठिकाण आले, की संदिग्धता संपते.

जाणे हे क्रियापद झिजून दुसरेच काही सांगू लागणे मराठीलाही नवे नाही. ‘करायला गेलो एक आणि झाले भलतेच’ असे म्हणणारा कुठेही गेलेला नसतो. त्याने प्रयत्न केलेला असतो.

शाळेत जाण्यालाही हेतू असतो का?

असतो, आणि इंग्रजी तो एका चिमुकल्या शब्दाच्या अनुपस्थितीतून सांगते. ‘शी गोज टू स्कूल’ म्हणजे ती शाळेत शिकायला जाते. ‘शी वेंट टू द स्कूल’ म्हणजे ती शाळेच्या इमारतीत गेली. पालकसभेला असेल, दाखला आणायला असेल. ‘गो टू बेड’ म्हणजे झोपायला जाणे. ‘गो टू जेल’ म्हणजे शिक्षा भोगायला जाणे. तुरुंगात कैद्याला भेटायला गेलेला नातेवाईक ‘टू द जेल’ जातो. ‘गो टू सी’ म्हणजे खलाशी होणे. समुद्रावर फिरायला जाणाऱ्याने ‘टू द सी’ म्हणावे.

अर्थात ही सवलत मोजक्याच जागांना आहे. ‘गो टू चर्च’ म्हणतात, पण देवळाला मात्र ‘गो टू द टेंपल’ असे ‘द’सकट म्हणावे लागते. इस्पितळाच्या बाबतीत तर ब्रिटिश ‘द’ वगळतात आणि अमेरिकी ठेवतात. कोणत्या जागा रोजच्या जगण्यातल्या संस्था होत्या, याचा तो समाजाने ठेवलेला ठसा आहे. तो तर्काने सुटत नाही, ऐकून-वाचूनच अंगवळणी पडतो. विद्यार्थ्याला हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, की काही गोष्टींना नियम आहे आणि काहींना केवळ सवय.

पाणिनीचा इथे काय संबंध?

जाण्याचा हेतू ही व्याकरणाच्या दृष्टीने वेगळी गोष्ट आहे, हे भारतात फार पूर्वी ओळखले गेले होते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, नेमका यासाठीच एक नियम आहे. एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी केली जात असेल, तर त्या दुसऱ्या क्रियेच्या धातूला ‘तुमुन्’ प्रत्यय लावावा. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘पठितुं गच्छति’, ‘खादितुं गच्छति’ आठवत असेल. ते हेच. लॅटिनमध्येही जाण्या-येण्याच्या क्रियापदांसोबत ‘तुम्’ असाच शेवट असलेले रूप हेतू सांगते, आणि भाषाशास्त्राच्या मते या दोन रूपांचे मूळ एकच आहे.

म्हणजे आठवीत संस्कृत आणि इंग्रजी शिकणारे मूल एका तासाला ‘पठितुं’ म्हणते, घरी ‘शिकायला’ म्हणते आणि पुढच्या तासाला ‘टू स्टडी’वर अडते. तिन्ही ठिकाणी तोच विचार आहे. तिन्ही तासांना ते एकत्र सांगणारे मात्र कोणी नसते.

मग वर्गात काय बदलायला हवे?

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून सुरू होई. म्हणजे मराठी माध्यमातले मूलही आता दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकते. तरी ‘फॉर अटेंड’ जात नसेल, तर प्रश्न वर्षांच्या संख्येचा नाही, पद्धतीचा आहे.

एके काळी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. तिच्यात बोलण्यापेक्षा लिहिण्यावर भर होता, हा आक्षेप खरा आहे. पुढे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे हा विचार रुजला आणि भाषांतराबरोबर तुलनाही वर्गाबाहेर गेली. इंग्रजीतून इंग्रजी हा मार्ग चुकीचा नाही. पण तो तिथे फळतो, जिथे मुलाच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडते. ज्या गावात इंग्रजी फक्त एका तासिकेपुरते ऐकू येते, तिथे मूल मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करणारच. मग ते भाषांतर लपूनछपून आणि चुकीचे होण्यापेक्षा फळ्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली झालेले बरे.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. सतत तुलना करणारा विद्यार्थी बोलताना अडखळेल, प्रत्येक वाक्याआधी मनात ‘ला’ शोधत बसेल. म्हणूनच तुलना ही शिडी असावी, घर नव्हे. एकदा वर चढले की ती बाजूला ठेवायची. पण शिडीच न देता ‘वर चढ’ म्हणणे हा न्याय नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. त्या आग्रहाचा उपयोग केवळ गणित-विज्ञानाला नाही, इंग्रजी शिकवण्यालाही करून घेता येईल.

दुसरा बदल गुणदानात हवा. सगळ्या चुका सारख्या नाहीत. ‘फॉर अटेंडिंग’ वाचणाऱ्याला अर्थ कळतो. ‘वेंट अँड बॉट’च्या जागी ‘वेंट टू बाय’ आले, तर माहितीच बदलते. आज दोन्हींभोवती सारखेच लाल वर्तुळ पडते, किंबहुना पहिलीला जास्त हसले जाते. अर्थ बिघडवणारी चूक आधी दुरुस्त करावी. कानाला खटकणारी चूक नंतर, आणि कारण सांगून.

कारण या चुकीची किंमत गुणपत्रिकेपुरती राहत नाही. नोकरीच्या मुलाखतीत, व्हिसाच्या खिडकीवर, विमानतळावर ‘कशासाठी चाललात?’ हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर हेच वाक्य असते. जर्मनीला शिकायला निघालेली मुलगी ‘टू डू माय मास्टर्स’ म्हणाली काय, ‘फॉर माय मास्टर्स’ म्हणाली काय, दोन्ही बरोबर. ‘फॉर डूइंग’ म्हणाली तरी समोरच्याला कळते. पण आपण चुकलो या भीतीने ती गप्प बसली, तर तिचा हेतू पोहोचतच नाही. ती भीती घालवणे हे व्याकरण शिकवण्याचे पहिले काम आहे.

त्यामुळे बहिणीच्या लग्नाचा तो अर्ज पुढच्या वेळी तपासताना लाल वर्तुळाशेजारी समासात दोन मराठी शब्द लिहून पाहावेत : ‘हजर राहायला’. त्यातला ‘ला’ दाखवला, की ‘टू अटेंड’ विद्यार्थी स्वतःच लिहील.